जंत मारले तर खेड्यांतल्या फिट्स कमी होतात का?

होतात. सगळ्या नाही, पण होतात. तुम्ही विचारलंय की गावात जंतनाशक मोहीम झाली, आता तिच्यामुळे आकडीचे पेशंट कमी होणार म्हणतात, ते खरं की नुसती पोस्टरबाजी. ह्यावर आमच्या घरात इतकी भांडणं झालीत की गप्प बसवेना.

माहेर दौंड तालुक्यात, यवतच्या अलीकडे. तुकोबांची पालखी मुक्कामाला होती, पिठलं-भाकरीची पंगत बसलेली. वाढता वाढता माझा धाकटा भाऊ हातातल्या पातेल्यासकट आडवा झाला. डोळे पांढरे, तोंडाला फेस. एकाने चप्पल हुंगायला धरली, एकाने कांदा फोडला, तिसरा दातांत चमचा घालायला धावला. (चमचा घालू नका हो. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा आणि थांबा. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना.) थोरले चुलते, आमचे अण्णा, म्हणाले ऊन लागलंय.

पुन्हा फिट आली तेव्हा मी त्याला पुण्याला आणलं. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत अंगठीसारखा ठिपका. डॉक्टर म्हणाले, न्यूरोसिस्टिसरकोसिस, डुकराच्या टेपवर्मची, म्हणजे फितीसारख्या लांब जंताची, गाठ. अण्णा खुर्चीतून उठलेच. "आमच्या घरात अंडं शिजत नाही. सात पिढ्यांची माळ आहे. दुसरीकडे फोटो काढा."

आता अण्णांना आजवर न पटलेली गोष्ट. कच्चट डुकराचं मटण खाल्लं की टेपवर्म आतड्यात होतो, आणि त्या माणसाला बहुतेक वेळा काही जाणवतही नाही. त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडतात. ती दुसऱ्या कुणाच्या पोटात गेली, न धुतलेल्या हातातून, कोथिंबिरीतून, पाण्यातून, की त्यातली पिल्लं रक्तातून मेंदूत जाऊन बसतात. म्हणजे फिट येणाऱ्याने डुक्कर चाखलेलंही नसू शकतं. खाणारा वेगळा, भोगणारा वेगळा. आणि डुकराला तरी जंत कुठून होतो? उघड्यावरची माणसाची घाण खाऊन. डुकरं पाळणाऱ्या वस्तीकडे बोट दाखवणाऱ्यांनी आधी स्वतःच्या घरातलं संडास कोण वापरतं ते बघावं. आमच्याकडे अनुदानाच्या संडासात कडबा भरला होता.

डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांची शौच तपासणी सांगितली, कारण अंडी टाकणारा माणूस बऱ्याचदा त्याच घरात असतो. बायकांनी मुकाट डब्या दिल्या. अण्णांनी दिली नाही. त्यांच्या आडोशाने चुलतभावानेही दिली नाही, आणि हा सोलापूर रोडच्या ढाब्यांवर संध्याकाळी काय काय खातो ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे. हे लोक पांडुरंगाची शपथ घेतील, पण डबी देणार नाहीत.

तुमच्या प्रश्नाकडे येते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की हा जंत जिथे मुरलाय तिथल्या अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या आजाराच्या, सुमारे ३० टक्के केसेस त्याच्यामुळे असतात. पेरूच्या तुंबेस भागात माणसांना औषध आणि डुकरांना औषध-लस दिली, तर १०७ पैकी १०५ गावांत जंताचा फैलाव थांबला. तिथे फैलाव मोजला होता, फिट्स नव्हे. फिट्स मोजल्या होंडुरासमधल्या सलामात. तिथे उपचार, स्वच्छता आणि लोकशिक्षण काही वर्षं चिकाटीने चालवल्यावर अपस्माराच्या केसेसमधला ह्या जंतामुळे आलेल्यांचा वाटा निम्म्यापेक्षा खाली आला. म्हणजे संबंध खरा आहे. पण मेंदूत आधीच वाळून चुन्यासारख्या झालेल्या गाठी मोहिमेने जात नाहीत, त्यामुळे जुन्या पेशंटांच्या फिट्स चालू राहू शकतात. पुढच्या वर्षीच फरक मागू नका.

शाळेत १० फेब्रुवारीला मुलांना देतात ती ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोलची एक गोळी मुख्यतः गोल जंत, आकडेकृमी वगैरेंसाठी. आतड्यातल्या टेपवर्मला निक्लोसामाइड किंवा प्राझिक्वांटेल लागतं. फिट येणाऱ्याला मात्र मेडिकलमधून जंताची गोळी आणून देऊ नका. मेंदूतली गाठ मरताना सूज येते आणि फिट्स वाढू शकतात. म्हणून डॉक्टर आधी स्टिरॉइड देतात, आणि गाठ वाळलेली असेल तर जंताचं औषध देतही नाहीत. फिट्सच्या गोळ्याही मनाने बंद करू नका. शिवाय प्रत्येक फिट जंताचीच नसते. डोक्याला मार, बाळंतपणात गुदमरलेलं बाळ, मेंदूज्वर, कितीतरी कारणं.

बाकी, तुमच्या घरात कुणाला फिट्स असतील आणि डॉक्टरांनी हाच जंत सांगितला असेल, तर शौच तपासणी स्वयंपाक करणाऱ्यांपासून थोरल्यांपर्यंत सगळ्यांची करा, माळ असो वा नसो. एका नमुन्यात अंडी सापडतीलच असं नाही, म्हणून दोन-तीन वेळा द्यावी लागते. कुणी अडून बसलं तर सरळ डॉक्टरांसमोर नेऊन बसवा. घरात वाद घालून काही होत नाही, मी घालून बघितलाय.