सुरतेच्या वखारीत काही तयार होत नव्हते

'इंग्रजांनी 1613 मध्ये सुरतेस आपला कारखाना उभारला' हे वाक्य एका वाचकाने कळवले आहे. शाळेत आपण 'वखार' असे शिकलो होतो, तेव्हा बरोबर शब्द कोणता, आणि कोठी, गोदाम, गोडाऊन हे सगळे त्याच अर्थाचे मानावेत काय, असा त्यांचा प्रश्न आहे. बरोबर शब्द वखार. 'कारखाना' हे त्या जागी साफ चुकीचे भाषांतर आहे. तरीही ते अलीकडे व्याख्यानांत, माहितीपटांच्या निवेदनात आणि स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत इतक्या आत्मविश्वासाने वापरले जाते की, सुरतेत इंग्रजांनी यंत्रे आणून बसवली होती असे ऐकणाऱ्यास वाटावे. लाकडाची वखार, कोळशाची वखार हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, त्यांवर वेळ घालवत नाही.

चूक इंग्रजी शब्दाच्या आजच्या अर्थावर विसंबल्यामुळे होते. सोळाव्या-सतराव्या शतकात 'फॅक्टरी' म्हणजे 'फॅक्टर' राहतो ती जागा, आणि फॅक्टर म्हणजे मालकाच्या वतीने परमुलखात खरेदी-विक्री करणारा मुखत्यार. पोर्तुगीज त्याला 'फेइतोर' आणि त्याच्या ठाण्याला 'फेइतोरिया' म्हणत. 1500 च्या डिसेंबरात कालिकतला जो पोर्तुगीज मुखत्यार दंगलीत मारला गेला, तो आयरेस कोरेया हा फेइतोरच होता. 31 डिसेंबर 1600 रोजी सनद मिळालेल्या इंग्रज कंपनीत नोकरांच्या पायऱ्याच ठरून गेल्या: प्रथम रायटर, मग फॅक्टर, मग कनिष्ठ व वरिष्ठ मर्चंट. त्यांतल्या पहिल्या पायरीचे नाव कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगला आजही चिकटून आहे. यंत्रे आणि मजूर असलेली फॅक्टरी ही त्या शब्दाची नंतरची अवस्था होय.

मग मराठीने मुखत्याराच्या ठाण्याला साठवणीच्या जागेचे नाव का दिले? कारण तेथील व्यवहार तसाच होता. पावसाळा उलटल्यावर जहाजे सुरतेजवळच्या सुवाळीला लागत आणि पुढचा पावसाळा येण्याआधी त्यांना परतावे लागे. जहाज नांगरल्यावर खरेदीस निघणाऱ्याला सरखेजची नीळ आणि गुजरातचे सुती कापड चढ्या भावानेच मिळणार, हे उघड होते. म्हणून कंपनीचा माणूस बारा महिने तेथे राहून दलालांमार्फत विणकरांना आगाऊ रकमा देई, आलेले कापड पारखून घेई, गाठी बांधून ठेवी आणि जहाजांची वाट पाही. युरोपातून येणारी चांदी अपुरी पडली की विरजी व्होरासारख्या सुरतेच्या सावकाराकडून कर्ज काढी. बाहेरून पाहणाऱ्याला दिसणार ते माल भरलेले आवारच. मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांनी त्यालाच वखार म्हटले, आणि उत्तरेत धान्य साठवण्याच्या जागेला 'बखार' म्हणतात तो याचाच भाऊ आहे.

येथे कोणी तरी बर्नियेचा आधार काढील. या फ्रेंच प्रवाशाने लिहिले आहे की, बंगालमध्ये कासिमबाजारच्या डच ठाण्यात कधी कधी सात-आठशे माणसे रेशमाच्या कामावर असत. मग तो कारखाना नव्हे काय? ते काम कारखान्याचे होते, यात शंका नाही. परंतु त्या ठाण्याला फॅक्टरी हे नाव त्या कामामुळे मिळालेले नाही. ज्या ठाण्यांत एक धागाही काढला जात नव्हता, त्यांनाही तेच नाव होते. अपवादावरून नावाचा अर्थ ठरवणे हा कोशकारांचा नव्हे, वकिलांचा उद्योग आहे.

शिवाय 'कारखाना' हा शब्द त्या काळच्या मराठीत मोकळाही नव्हता. शिवकालीन राज्यव्यवस्थेत अठरा कारखाने मोजले जात, आणि त्यांत पीलखाना (हत्तींचा), जामदारखाना (मौल्यवान वस्तूंचा), शिलेखाना (शस्त्रांचा), फरासखाना (तंबू-बिछायतींचा) अशी सरकारी कोठारे आणि खाती येत. त्यांचा हिशेब ठेवणारा तो कारखानीस. म्हणजे 'सुरतेचा इंग्रजी कारखाना' हे आजच्या अर्थाने चूक आहेच, पण सतराव्या शतकातल्या माणसालाही ते इंग्रजांच्या हत्तींविषयी किंवा तंबूंविषयी वाटले असते. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी आज्ञापत्र या राजनीतीवरील ग्रंथात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, लिहिताना वखार हाच शब्द योजला आहे. या लोकांना वखारीस जागा देणेच झाले तर खाडीवर किंवा समुद्रकाठी देऊ नये, किनाऱ्यापासून अंतर राखून द्यावी आणि पक्की इमारत बांधू देऊ नये, असा त्यांचा सल्ला आहे. वखारवाला हा केवळ व्यापारी नव्हे, त्याच्या पाठीशी राज्य आहे, हे त्यांनी नेमके ओळखले होते; आणि राजापूरच्या वखारीच्या इंग्रजांनी 1660 मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफगोळे पुरवल्यावर 1661 मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने त्या वखारीचे काय केले, हे त्यांना आठवत नसेल असे मानण्याचे कारण नाही.

एवढे सांगून झाल्यावर गंमत अशी की, व्युत्पत्तीने पाहता 'कारखाना' हा 'फॅक्टरी'शी जवळजवळ जुळतो. फॅक्टर हा लॅटिन शब्द 'करणारा' या अर्थाचा आहे, आणि फारसीतील 'कारकून' म्हणजेही काम करणारा. तेव्हा कंपनीच्या फॅक्टरला कारकून म्हटले असते तर तो शब्दशः अनुवाद झाला असता. पण लॅटिन धातू आपल्या 'कृ'चा आप्त नाही. तो 'धा'चा आप्त आहे. धाता, विधाता हे शब्द ज्या धातूपासून आले, त्याच मूळ इंडो-युरोपीय धातूपासून फॅक्टर आला. 'निधी' आणि 'निधान' हे साठ्याचे शब्दही तेथलेच. ग्रीकांनी त्याच धातूपासून साठवणीच्या जागेला 'आपोथेके' म्हटले, आणि तो शब्द लॅटिन व प्रोव्हांसाल भाषांतून झिजत झिजत फ्रेंचमध्ये 'बुटीक' झाला. पुण्या-मुंबईतल्या साड्यांच्या बुटीकला मूळ अर्थाने वखार म्हणता येईल. मालकिणीला ते रुचणार नाही, एवढेच.

कोठीविषयी थोडक्यात: तो 'कोष्ठ'पासून आला, आणि उत्तर हिंदुस्थानात कंपन्यांच्या ठाण्यांना तोच रूढ होता. मराठीत तो वापरल्यास चूक म्हणणार नाही.

गोदाम मात्र एवढ्यावर सोडता येत नाही. माल तळघरात 'खाली' ठेवत म्हणून इंग्रजांनी 'गो डाउन' म्हटले, ही कथा सांगणाऱ्यांना उत्तर देण्याचेही कारण नाही. तमिळमध्ये 'किडंगु' म्हणजे माल पडून राहतो ती जागा, आणि मलाय भाषेत 'गुदांग' हे रूप आहे, हे शंभराहून अधिक वर्षांपासून छापलेले आहे. खरा वाद पुढे आहे. यूल आणि बर्नेल यांनी 1886 च्या आपल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या प्रसिद्ध कोशात असे मत दिले की, हिंदी आणि बंगालीतील 'गुदाम' हे मूळ नसून इंग्रजांच्या 'गोडाउन'ची उसनवारी दिसते. हे विद्वान मोठे होते, परंतु त्यांनी शब्दाचा शेवट पाहिला नाही. इंग्रजी शब्दाच्या अखेरीस 'न' आहे. त्याचा 'म' का व्हावा? त्या 'न'चे आपण काय करतो ते प्रत्येक बाजार समितीच्या आवारात ऐकू येते: 'गोडाऊन'. इंग्रजीवरून घेतलेला शब्द तो आहे, आणि त्याचा 'न' जागच्या जागी आहे. 'ड'ही तसाच आहे, 'द' झालेला नाही.

'गुदाम'चा 'म' यायचा तर तो पोर्तुगीजातून. गोव्याचे कोशकार सेबास्तियाँव रोदोल्फो दालगाद यांनी नोंदवलेला आशियाई पोर्तुगीज शब्द 'गुदाँव' असा अनुनासिक शेवटाचा आहे. आता दुसरा एक शब्द शेजारी ठेवा. व्यापारी जहाजांबरोबरच आलेला 'लेइलाँव' हा पोर्तुगीज शब्द मराठीत 'लिलाव' झाला, आणि हिंदी-बंगालीत 'नीलाम' झाला. म्हणजे एकाच पोर्तुगीज शेवटाचे कोकणकिनाऱ्यावर 'आव' आणि उत्तरेत व बंगालमध्ये 'आम' होते. त्या नियमाने गुदाँवचे उत्तरेत 'गुदाम' व्हायला हवे, आणि ते झालेही आहे. इंग्रजांना त्यात आणण्याची गरजच उरत नाही. मराठीत मात्र तो थेट गोव्याहून किंवा वसईहून आला असता तर 'गुदाव' झाला असता. तो 'गुदाम' आहे, त्याअर्थी हा शब्द समुद्राने आलेला नसून हिंदुस्थानी बोलणाऱ्यांच्या तोंडून, खुष्कीच्या मार्गाने मराठीत उतरला. याचे एक कारण असे संभवते की, किनाऱ्यावर 'वखार' हा शब्द आधीच पाय रोवून होता आणि मराठी माणसाला पोर्तुगीजांकडून साठवणीचा शब्द घ्यायची निकडच नव्हती. लिलावाला तसा घरचा प्रतिस्पर्धी नसावा.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, पोर्तुगीज 'पाँव'चा उत्तरेतही 'पाव'च राहिला, 'पाम' झाला नाही. हे मान्य आहे; परंतु एकाक्षरी शब्दाचा शेवट बदलला की शब्दच हातचा जातो, लांब शब्दाला तेवढी सूट मिळते. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: 'लेइलाँव' हा मुळात अरबीतील जाहीर करणे या अर्थाच्या 'इलाम'पासून पोर्तुगीजांनी घेतला, तेव्हा नीलामचा 'म' अरबी असेल. पण हिंदुस्थानी लोकांनी हा शब्द अरबांकडून घेतला असता तर पोर्तुगीज तोंडातून गेल्याची खूण, म्हणजे आरंभीचा 'ले', नीलामच्या 'नी'त उरली नसती. शब्द पोर्तुगीज आहे, तर त्याचा शेवटही पोर्तुगीजच समजला पाहिजे.

यूल-बर्नेल यांच्या बाजूने लढणाऱ्यांनी एकच गोष्ट करावी. इंग्रजी अंमलाआधीच्या एखाद्या मराठी कागदात, चौलचा असो, वसईचा असो की रेवदंड्याचा, 'गुदाव' असे रूप दाखवावे, म्हणजे खुष्कीच्या मार्गाचे माझे म्हणणे मी मागे घेईन. 'गोडाउन'वरून 'गुदाम' झाला हे मात्र त्याने सिद्ध होणार नाही, कारण त्या 'म'चा हिशेब तरीही त्यांनाच द्यावा लागेल.