सेकंड व्हायोलिनची खुर्ची

प्रिय मुली,

नकार अजून कळवला नसशील तर थांब. आधी हे वाच.

तुझं म्हणणं मला रविवारी नीट कळलं. इतकी वर्षं व्हायोलिन झालं, आता तुला कंडक्टर व्हायचंय, आणि नेमकं याच वेळी त्या वाद्यवृंदाने तुला सेकंड व्हायोलिनच्या शेवटच्या स्टँडवर बोलावलंय. वाद्यवृंदात व्हायोलिनवाल्यांचे दोन गट, फर्स्ट आणि सेकंड; मुख्य धून बहुतेक वेळा फर्स्टकडे, सेकंड तिला आधार देणारा. तुला तो कमीपणा वाटतो. बाबांना तर ठाण्याहून नरिमन पॉइंटपर्यंत धक्के खात जाऊन मागे बसायचं कशाला, हेच कळत नाही. मला तुझा हेवा वाटला. आणि खरं सांगायचं तर रागही आला.

सेकंडमध्ये बस.

इंग्रज कंडक्टर नेव्हिल मॅरिनरच्या रेकॉर्डिंग ऐकत तू मोठी झालीस. तो लंडन सिम्फनी वाद्यवृंदात सेकंड व्हायोलिनचा प्रमुख होता. 1950च्या दशकाच्या अखेरीस त्याने स्वतःचा छोटा वाद्यवृंद काढला, तेव्हा पुढे कुणी कंडक्टर उभाच नसे. हा वाजवता वाजवताच सगळ्यांना धरून ठेवायचा. छडी हातात नंतर आली. पुढे मोठा कंडक्टर झालेला शार्ल म्युन्श जर्मनीत लाइपझिगच्या गेवांडहाउस वाद्यवृंदात कॉन्सर्टमास्टर, म्हणजे फर्स्ट व्हायोलिनचा प्रमुख, होता. पॅरिसमध्ये तो कंडक्टिंगला उभा राहिला 1932 साली, चाळिशी उलटल्यावर. आणि आपल्या मुंबईचे कंडक्टर झुबिन मेहता! वडील मेहली मेहता स्वतः व्हायोलिनवादक, 1935 साली बॉम्बे सिम्फनी वाद्यवृंद उभा करणारे. घरात एवढं असूनही 1954 साली व्हिएन्नाला शिकायला गेल्यावर झुबिन डबल बास वाजवायला लागले. मोठ्या कंडक्टरांच्या तालमी बघायला मिळेनात, म्हणून ते आणि त्यांच्याबरोबर शिकणारा, पुढे कंडक्टर झालेला क्लाउदिओ अब्बादो चक्क कोरसमध्ये गायला उभे राहिले. आत शिरायला त्यांना गावं लागलं, आणि तुला आतली खुर्ची लोक घरी फोन करून देताहेत.

बीथोव्हेनची पाचवी सिम्फनी काढ. आज स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे सूर एकत्र लिहिलेली वही, मोबाईलवर मिळतो, आमच्या वेळी तो डोळ्यांना दिसायचाही नाही. सगळ्या जगाला पाठ असलेली ती सुरुवात झाली, पाचव्या बारवरचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खण) लांबलेला सूर संपला, की सहाव्या बारला पहिलं कोण येतं? सेकंड. मग व्हायोला, व्हायोलिनचीच थोडी मोठी, खालच्या सुरांची बहीण. फर्स्ट त्यानंतर. खाली बसून ऐकणाऱ्याला ती एकच ओळ वाटते. चायकोव्स्कीच्या सहाव्या सिम्फनीचा, 1893 सालच्या, शेवटचा भाग तर याच्याही पुढचा. सुरुवातीला जी धून कानाला ऐकू येते ती कुणाच्याच कागदावर लिहिलेली नाही. एक सूर फर्स्टकडे, पुढचा सेकंडकडे, असा आलटून पालटून. आपला पार्ट, म्हणजे आपल्या सेक्शनचा कागद, एकटीने वाजवून बघ, नुसता उड्या मारेल. बाकीचा अर्धा दुसऱ्या सेक्शनकडून येतो तेव्हा कुठे धून उभी राहते. स्कोअरवर हे तुला दिसेल, पण हाताला कळणार नाही. हाताला कळायचं तर बस सेकंडमध्ये.

मी फिल्मच्या रेकॉर्डिंगमध्ये आयुष्य काढलं. समोर फक्त आपल्या सेक्शनचा कागद, पूर्ण स्कोअर अरेंजरच्या, म्हणजे वाद्यांची रचना करणाऱ्याच्या, हातात. तो निवांत मांडीवर घेऊन वाचायला मिळाला नाही, याची खंत आहे आणि ती जाणार नाही. लोक म्हणायचे, हा सेकंडमध्येच राहिला, याला पुढे यायची धमक नाही. धमक होती. पुढे बोलावलंही होतं, मी नाही म्हणालो. मध्ये बसणाऱ्याला वरची धून आणि खालचा बास दोन्ही ऐकू येतात, आणि मला दोन्ही हवे होते. पुढे कीबोर्ड आले, एकेक माणूस अख्ख्या स्ट्रिंग सेक्शनचं काम करायला लागला, आम्हाला बोलावणी येईनाशी झाली. तरी मी व्हायोलिन विकलं नाही. नौपाड्यात शिकवण्या घेतल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी सेकंडचा पार्ट दिला. तुलाही दिला होता. तू रडली होतीस, आठवतंय? तो हट्ट बरोबर होता, आजही बरोबर आहे.

आरशासमोर रेकॉर्डिंग लावून हात हलवणं बंद कर. तिथे रेकॉर्डिंग तुझ्यामागे येत नाही, तूच तिच्यामागे जातेस. पाचवीचा पहिला ठोका तर विरामावर आहे. ती शांतता तू नीट दाखवली नाहीस, तर समोरचे सगळे वेगवेगळ्या क्षणी पडतील. कोण दाखवतं आणि कोण नुसते हात उडवतं, हे वाजवणाऱ्याच्या हातातल्या गजाला (बो) पहिल्या मिनिटात समजतं. तुझ्याही गजाला समजू दे.

बाकीचं सोपं आहे. व्हायोलाची क्लेफ (सूर कुठल्या रेषेवर वाचायचे ते सांगणारी खूण), एफमधला हॉर्न, बी फ्लॅटमधलं क्लॅरिनेट (या दोघांचा लिहिलेला सूर वेगळा, ऐकू येणारा वेगळा), रोज स्कोअरचं एक पान पियानोवर वाजव, येईल. बाबांशी मी बोलतो, पासाच्या पैशांचंही बघू. तालमीत शेवटची वीस मिनिटं लोकलच्या नादात पेटी आवरू नकोस, महत्त्वाचं बरंचसं तेव्हाच होतं.

मऊ पेन्सिल ने. बोइंग, म्हणजे गज वर की खाली ओढायचा ते, बदलायला सांगितलं की पार्टवर लिही, आणि घरी आल्यावर ते का बदललं असेल ते वहीत लिही. वही भरली की घेऊन ये. मग कंडक्टिंगच्या कोर्सचा अर्ज आपण दोघं मिळून भरू.

तुझा,
काका