लातूरच्या निसर्गोपचारतज्ज्ञांनी ‘लीकी गट’साठी (आतड्याचं अस्तर सैल होऊन नको ते पदार्थ आत झिरपतात, ही कल्पना) झोन्युलिन टेस्ट सांगितलीय, करावी का?

नका करू, त्या पैशांत आधी साध्या तपासण्या होतील. आतड्याची पारगम्यता, म्हणजे अस्तरातून किती झिरपतं ते, मोजायची जुनी रीत म्हणजे लॅक्ट्युलोज-मॅनिटॉल चाचणी: रात्रभर उपाशी राहून सकाळी या दोन साखरा पाण्यातून प्यायच्या आणि पुढचे पाच-सहा तास सगळी लघवी डब्यात साठवायची. मॅनिटॉलचा रेणू लहान, तो सहज शोषला जातो; लॅक्ट्युलोजचा मोठा, एरवी फारसा आत जात नाही. लघवीत त्याचं प्रमाण वाढलं की अस्तर सैल झालंय असं धरतात. पण आयबुप्रोफेनसारख्या गोळीनेही हा आकडा वर जाऊ शकतो, म्हणून ती मुख्यतः संशोधनातच राहिली. झोन्युलिनचं, म्हणजे अस्तरातले सांधे सैल करणाऱ्या प्रथिनाचं, तर विचारूच नका. बाजारातली किट भलतंच प्रथिन पकडतात, असं २०१८ मध्येच दाखवलं गेलंय.

सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) आणि क्रोन्समध्ये (आतड्याची दीर्घकाळ चालणारी सूज) पारगम्यता खरोखर वाढते, पण ते आजार ओळखायला वेगळ्या तपासण्या आहेत:
- सिलिअ‍ॅकसाठी रक्तातली टीटीजी-आयजीए ही अँटिबॉडी
- क्रोन्ससारख्या सुजेसाठी शौचातलं कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन

फक्त एक सांभाळा. गहू बंद करून नुसत्या ज्वारीच्या भाकरीवर असाल, तर टीटीजी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. रक्त देईपर्यंत पोळी चालू ठेवा. वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर थेट पोटविकारतज्ज्ञाकडे जा.