चिलीचा अरांगिस, तिसरी पेनल्टी आणि तालमीचा वाटा : वाचकांचे प्रश्न

वर्ल्डकप आला की कोल्हापूरच्या पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे फलक लागतात. चिलीचा झेंडा शोधूनही सापडायचा नाही. तरी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे चिलीच्या मधल्या फळीतल्या एकाच खेळाडूबद्दल आहेत : अर्जेंटिना, ब्राझील आणि जर्मनी अशा तीन देशांत खेळलेला चार्ल्स अरांगिस. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे देत आहोत.

अरांगिस एकदा परदेशी जाऊन परत आला होता म्हणे. मग तो युरोपात पोहोचला कसा? सगळे क्रमाने सांगा. (मंगळवार पेठ)

जन्म १७ एप्रिल १९८९ चा, सांतियागोला लागून असलेल्या पुएंते आल्तोचा. खेळ घडला तो उत्तरेत, कालामा गावच्या कोब्रेलोआ क्लबात. कालामा म्हणजे अताकामा वाळवंटातले तांब्याच्या खाणींचे गाव, समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वादोन हजार मीटर उंचीवरचे. आपले महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास आहे, यावरून अंदाज बांधा. तिथून तो राजधानीतल्या कोलो-कोलोत गेला आणि २०१० मध्ये अर्जेंटिनाच्या किल्मेस क्लबात. तिथे त्याचा जम बसला नाही.

पुढचे पाऊल महत्त्वाचे. २०११ मध्ये तो मायदेशी परतला आणि युनिव्हर्सिदाद दे चिले या क्लबात दाखल झाला. प्रशिक्षक होते खोर्खे सॅम्पाओली. चेंडू हातचा गेला की मागे पळत न येता तिथल्या तिथे प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडायचे, ही त्यांची पद्धत. अशा खेळात मधल्या फळीतल्या खेळाडूला दोन्ही पेनल्टी बॉक्सच्या मध्ये सतत धावावे लागते, आणि अरांगिस नेमका तसाच खेळाडू. त्या एका वर्षात क्लबने चिलीतल्या दोन्ही लीग आणि कोपा सुदामेरिकाना ही दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची स्पर्धा जिंकली. पुढे सॅम्पाओली राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हा अरांगिसचे काम त्यांना आधीच ठाऊक होते.

२०१४ मध्ये तो पोर्तो अलेग्रेच्या इंतेरनासिओनालकडे, म्हणजे ब्राझीलमध्ये गेला. त्याच वर्षीच्या वर्ल्डकपमध्ये चिलीने माराकाना मैदानावर जगज्जेत्या स्पेनला २-० ने घरी पाठवले. पहिल्या गोलचा पास अरांगिसचा, एदुआर्दो वार्गासला दिलेला. दुसरा गोल त्याचा स्वतःचा. तो गोल पुन्हा बघायला मिळाला तर हाफ, म्हणजे मधल्या फळीत, खेळणाऱ्या पोरांना जरूर दाखवा. अलेक्सिस सांचेझची फ्री किक स्पेनचा गोलरक्षक कासियासने दोन्ही मुठींनी बाहेर ठोसली. बाकीचे चेंडू कुठे जातो ते बघत होते, अरांगिस मात्र बॉक्समध्ये चेंडू परत येईल त्या जागी आधीच उभा होता. एक स्पर्श चेंडू थांबवायला, दुसरा थेट जाळ्यात.

ऑगस्ट २०१५ मध्ये जर्मनीचा बायर लेव्हरकुसेन. तिथे तो २०२३ च्या सुरुवातीपर्यंत राहिला आणि कर्णधारही झाला. मग पुन्हा इंतेरनासिओनाल आणि २०२४ मध्ये पुन्हा युनिव्हर्सिदाद दे चिले. आमच्या मते या सगळ्यातली सर्वांत शहाणी चाल २०११ ची. परदेशात जम बसत नसताना तिथेच राहण्यापेक्षा घरी येऊन दर आठवड्याला नव्वद मिनिटे खेळणे त्याला फळले. आपल्याकडे गोव्याहून किंवा पुण्याहून परत आलेल्या पोराला पेठेत टोमणे बसतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सविस्तर लिहिले.

टायब्रेकरला तिसरी पेनल्टी कुणाला द्यावी? आमच्याकडे पहिली आणि पाचवी ठरते, मधल्या कुणीही मारतो. (शिवाजी पेठ)

इथेच चूक होते. अरांगिसचेच बघा. २०१४ च्या वर्ल्डकपमध्ये ब्राझीलविरुद्ध, २०१५ च्या कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकी देशांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध आणि २०१६ च्या अंतिम सामन्यात पुन्हा अर्जेंटिनाविरुद्ध, तिन्ही टायब्रेकरमध्ये चिलीची तिसरी पेनल्टी त्याने मारली आणि तिन्ही वेळा गोल झाला. तो चेंडू ठेवायला गेला तेव्हा फलक काय होता ते मात्र प्रत्येक वेळी वेगळे. ब्राझीलविरुद्ध पिनिया आणि सांचेझ दोघांचेही फटके अडवले गेले होते, चिली ०-२ मागे. २०१५ मध्ये अर्जेंटिनाच्या इग्वाइनने बारवरून मारला होता, चिली २-१ पुढे. २०१६ मध्ये चिलीची पहिलीच पेनल्टी विदालकडून आणि अर्जेंटिनाची पहिली मेस्सीकडून हुकली होती, तेव्हा १-१.

म्हणजे तिसऱ्या क्रमांकाला कोणती परिस्थिती वाट्याला येईल हे आधी सांगता येत नाही. पिछाडीवर असू तर तो फटका हुकला की सामना जवळजवळ हातचा जातो, आणि पाचव्या क्रमांकासाठी राखलेला हुकमी गडी मधल्या वर्तुळात नुसता उभा राहतो. म्हणून तुमचा सर्वांत भरवशाचा मारणारा पहिला ठेवा, दुसऱ्या क्रमांकाचा भरवशाचा तिसरा. नाव मोठे आहे म्हणून निवडू नका. सरावात दमल्यावर, म्हणजे शेवटच्या दहा मिनिटांत, प्रत्येकाला पाच-पाच पेनल्टी मारायला लावून वहीत नोंद ठेवा. मैदानात उतरताना फुगे फुटावेत तसा गोंगाट असतो, त्यात कुणाची धाव बदलते हेही पाहून ठेवा. आयत्या वेळी कोपरा बदलणारा गडी तिसरा नको.

एक गोष्ट लक्षात असू द्या. ब्राझीलविरुद्ध अरांगिसने गोल करूनही चिली हरली. पाचवा फटका खांबाला लागला.

चिलीचे खेळाडू स्पॅनिश बोलतात, मग ते स्पेन सोडून जर्मनीला का जातात? (उत्तरेश्वर पेठ)

सगळेच जात नाहीत, पण नियमांचा मोठा हात आहे. स्पेनच्या पहिल्या श्रेणीत युरोपीय संघाबाहेरचे तीनच खेळाडू ठेवता येतात. जर्मनीत तशी मर्यादा नाही, फक्त क्लबकडे किमान बारा जर्मन खेळाडू करारबद्ध हवेत. त्यामुळे विशीतल्या, अजून नाव न झालेल्या दक्षिण अमेरिकन खेळाडूवर जर्मन क्लब जागा खर्च करू शकतो. आर्तुरो विदाल २००७ मध्ये कोलो-कोलोतून लेव्हरकुसेनलाच गेला, चार वर्षांत तयार झाला आणि मग युव्हेंटस, बायर्न म्युनिक, बार्सिलोना, इंटर. युव्हेंटसकडे चार हंगाम खेळला आणि चारही हंगामांत इटलीची लीग जिंकली. स्पेनमध्ये दोन वर्षे कायदेशीर वास्तव्य झाले की चिलीच्या नागरिकाला तिथल्या नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, आणि पासपोर्ट हाती आला की त्या तिनांतली एक जागा मोकळी होते. भारतीय खेळाडूला ही वाट नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की आपले जाते, आणि भारताकडून खेळणेही संपते.

अरांगिसची टाचेची शीर तुटली होती, तरी तो परत खेळला. आमच्या एका हाफला तेच झाले आहे. किती दिवस? (कसबा बावडा)

लेव्हरकुसेनला पोहोचला त्याच महिन्यात, ऑगस्ट २०१५ मध्ये, त्याची अकिलीस टेंडन, म्हणजे टाचेमागची हीच शीर, तुटली. मैदानावर परतला तो एप्रिल २०१६ मध्ये, म्हणजे साधारण आठ महिन्यांनी. जूनमध्ये कोपा अमेरिकेच्या उपांत्य सामन्यात कोलंबियाविरुद्ध सातव्या मिनिटाला गोल केला. मात्र त्याच्या दिमतीला रोज फिजिओ होता. आपल्याकडे सहा महिन्यांच्या आत सामन्याचा विचारही नको, नऊ महिने धरून चला.

शीर तुटताना मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखे वाटते आणि वळून बघावे तर मागे कुणीच नसते. गड्याला पालथे झोपवा, पाऊल काठाबाहेर लोंबू द्या आणि पोटरी हाताने दाबा. निरोगी पायाचे पाऊल खाली हलते. ते हलले नाही तर शीर तुटली असे समजा. गडी लंगडत चालू शकतो म्हणून मुरगळले असेल असा समज होतो आणि इथेच आठवडे वाया जातात. चालवू नका, चोळू नका, मालीश अजिबात नको. बर्फ, पाऊल बोटे खाली राहतील असे बांधणे आणि दोन-तीन दिवसांच्या आत हाडांचे डॉक्टर.

ऑपरेशन करायचे की बुटातच भरू द्यायचे हे डॉक्टर ठरवतील. खेळाडूंचे बहुधा ऑपरेशन होते. त्यानंतर टाचेखाली पाचरी घातलेला बूट येतो आणि सहा ते आठ आठवड्यांत एकेक पाचर काढत पाऊल सपाट करतात. घाई करून पाचरी लवकर काढल्या तर शीर ताणून लांब भरते. मग दुखत नाही, पण उडी आणि वेग कायमचा जातो. पळण्याची परवानगी तीन-चार महिन्यांनी. कसोटी सोपी आहे. एका पायावर उभे राहून टाच पूर्ण वर उचलायची आणि मोजायचे. चांगला पाय पंचवीस वेळा उचलत असेल तर दुखावलेल्याने बाविसाच्या वर गेले पाहिजे, आणि टाच उंचीलाही तेवढीच गेली पाहिजे. तोवर शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसायचे.

ज्यांची अजून तुटलेली नाही पण सकाळी उठल्यावर टाचेमागे आखडते, त्यांनी जिन्याच्या पायरीवर चवड्यांनी उभे राहावे. दोन्ही पायांवर वर चढावे आणि दुखऱ्या एका पायावर सावकाश टाच पायरीखाली उतरवावी. गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन फेरे, वाकवून पंधराचे तीन, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. त्या जागी स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊ नका, त्याने शीर तुटण्याचा धोका वाढतो. ताप किंवा जंतुसंसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन जातीची औषधे लिहून दिली तर आपण खेळतो हे डॉक्टरांना सांगा, कारण तीही या शिरेला बाधतात.

आमच्या तालमीत, म्हणजे पेठेच्या फुटबॉल क्लबात, वाढलेला पोरगा उद्या परदेशी क्लबने विकत घेतला तर तालमीला काही मिळते का? (शनिवार पेठ, एका तालमीचे सचिव)

मिळते, नोंद असेल तर. फिफाचा नियम असा की करार संपण्याआधी खेळाडू पैसे देऊन दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला वाढवणाऱ्या क्लबांत वाटायचे. वयाच्या बाराव्या ते पंधराव्या वाढदिवसाच्या हंगामांसाठी प्रत्येकी पाव टक्का, सोळाव्या ते तेविसाव्यासाठी प्रत्येकी अर्धा टक्का. समजा सौदा दहा कोटींचा आहे. तालमीने पोराला बाराव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत सांभाळले, तर चार हंगामांचे अडीच-अडीच लाख आणि पाचव्याचे पाच, एकूण पंधरा लाख. एका सौद्यावर हे संपत नाही. तो पुढे पुन्हा विकला गेला की पुन्हा वाटा येतो. चिलीतले क्लब यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात.

याशिवाय पहिल्या व्यावसायिक कराराच्या वेळी प्रशिक्षणाची भरपाई हा वेगळा भाग आहे. खेळाडू करार संपवून मोकळा गेला तर मात्र पाच टक्क्यांतले काही नाही, कारण रक्कमच शून्य.

अडचण कागदांची. नोव्हेंबर २०२२ पासून ही वाटणी फिफाच्या क्लिअरिंग हाऊसमधून होते, आणि ती खेळाडूच्या इलेक्ट्रॉनिक पासपोर्टवर चालते. त्या पासपोर्टात तुमच्या क्लबचे नाव आणि तारखा नसतील तर तुम्ही पोराला दहा वर्षे दूध-केळी खाऊ घातली तरी उपयोग नाही. आपल्याकडे बारा-तेरा वर्षांची पोरे नुसती येऊन खेळतात, नोंदणी होते ती सीनियर संघात घेताना. म्हणजे सुरुवातीचे पाव टक्के तिथेच बुडाले. के.एस.ए. म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनमार्फत अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत पोराचे नाव बाराव्या वर्षीच चढवा, दर हंगामाला नूतनीकरण करा, जन्मदाखल्यावरचे स्पेलिंगच सगळीकडे ठेवा. मध्ये पोरगा दुसऱ्या तालमीकडे गेला तर बदलीची तारीख लिहून घ्या. भांडण नेहमी त्या एका हंगामावरून होते.

मुलगा पंधरा वर्षांचा आहे. चिली-ब्राझीलमधल्या क्लबात घालतो म्हणून एक जण साडेतीन लाख मागतो आहे. द्यावेत का? (गडहिंग्लज)

देऊ नका. अठरा वर्षांखालच्या खेळाडूची परदेशात नोंदणी फिफा मुळात होऊ देत नाही. मोजके अपवाद आहेत, जसे आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर. सोळा ते अठराची सवलत आहे ती युरोपातल्या युरोपात. तुमच्या मुलाला यातले काहीच लागू होत नाही, त्यामुळे तो माणूस जे विकतो आहे ते त्याच्याकडे नाही. पर्यटक व्हिसावर तिथे नेऊन एखाद्या खासगी मैदानावर पंधरा दिवस खेळवतात आणि परत पाठवतात, असा हा प्रकार असतो.

त्याच्याकडे फिफाचा एजंट परवाना आहे का ते फिफाच्या संकेतस्थळावरच्या यादीत नावाने शोधा. क्लबचे निमंत्रणपत्र दाखवले तर त्यावरच्या नंबरावर फोन न करता क्लबच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून पत्ता घेऊन विचारा. मुलाचा पासपोर्ट आणि जन्मदाखल्याची मूळ प्रत हातातून सोडू नका. वय कमी दाखवणारा दाखला करून देतो असे कुणी म्हणाले तर तिथेच उठा, कारण वयाची खोटी नोंद सापडली की बंदी मुलावर येते. त्या साडेतीन लाखांतले थोडे मुलाच्या बुटांवर आणि आहारावर घाला, आणि राज्याच्या वयोगट संघाची निवड चाचणी कधी आहे ते जिल्हा संघटनेकडे आजच विचारून ठेवा. २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीच्या वाटेने गेला होता, आणि ती वाट फुकट आहे.