वाचकांचे प्रश्न : दिवसा जाणारी फाइल रात्री का अडते?

प्रश्न : आमच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्रीत आयबीएम आय मशीन (आयबीएमचा सर्व्हर) आहे, सगळे अजून एएस-४००च म्हणतात. त्यावरची डिस्पॅचची फाइल विंडोज सर्व्हरच्या शेअरवर टाकतो. हाताने कमांड दिली की जाते, पण रात्रीच्या शेड्यूल जॉबमध्ये अधिकार नसल्याची एरर येते. पीसीवरून एएस-४००चा फोल्डर मात्र बिनतक्रार उघडतो. नेटवर्कमध्ये काही दोष आहे का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नेटवर्कला हात लावू नका. पीसीवरून फोल्डर उघडता तेव्हा एएस-४०० सर्व्हर असते आणि ते काम त्यातला नेटसर्व्हर हा फाइल-शेअरिंगचा भाग बघतो. फाइल विंडोजवर टाकताना तेच मशीन क्लायंट होते आणि वाट /क्यूएनटीसी या, विंडोजचे शेअर दाखवणाऱ्या डिरेक्टरीतून जाते. एक बाजू चालते यावरून दुसरीबद्दल काहीच कळत नाही.

क्यूएनटीसी वेगळा पासवर्ड विचारत नाही. जॉब ज्या युजर प्रोफाइलखाली (एएस-४००वरच्या खात्याखाली) चालतो, त्याचेच नाव आणि पासवर्ड विंडोजपुढे जातात. दिवसा ते प्रोफाइल तुमचे असते. रात्री कोणाचे, ते जॉब शेड्यूल एंट्रीत बघा. तिथे विंडोजला अनोळखी किंवा पासवर्डच नसलेले प्रोफाइल असेल, तर फाइल अडणारच. या कामापुरते एक प्रोफाइल काढा, विंडोजवर त्याच नावाचे व त्याच पासवर्डचे खाते उघडा आणि लिहिण्याचा अधिकार शेअरवर व विंडोजच्या डिस्कवरच्या (एनटीएफएस) फोल्डरवर, दोन्हीकडे द्या. एकीकडचा पासवर्ड बदलला की दुसरीकडचा त्याच दिवशी बदला. एएस-४००ची पासवर्ड लेव्हल ठरवणारी क्यूपीडब्ल्यूडीएलव्हीएल ही सिस्टिम व्हॅल्यू ० किंवा १ असेल, तर एएस-४०० लहान-मोठी अक्षरे वेगळी धरत नाही आणि पासवर्डला १० अक्षरांची मर्यादा असते. विंडोजची पॉलिसी कडक असेल तर इथेच घोडे अडते. लेव्हल २ वर न्यायची तर आयपीएल, म्हणजे मशीन रीस्टार्ट, लागेल.

आयपीएलनंतर आणखी एक गोष्ट होते. एमकेडीआयआर या डिरेक्टरी बनवण्याच्या कमांडने /क्यूएनटीसीखाली केलेली सर्व्हरच्या नावाची डिरेक्टरी राहत नाही. ती कमांड स्टार्टअप प्रोग्रॅममध्येच टाका.

फाइल थेट शेअरवर तयार करू नये, असे आमचे मत. आधी आयएफएसमधल्या (एएस-४००च्या फाइल सिस्टिममधल्या) स्वतःच्या फोल्डरात सीसीएसआयडी १२०८, म्हणजे यूटीएफ-८, देऊन बनवा, मग कॉपी करा. मध्येच लाइन गेली तरी मूळ प्रत हाताशी राहते.

प्रश्न : एका क्लार्कला एएस-४००च्या ग्रीन स्क्रीनवर (अक्षरी टर्मिनलवर) लॉगिन होते, पण मॅप केलेला ड्राइव्ह उघडत नाही. — एक वाचक, शिरोली

उत्तर : प्रोफाइल चालू असूनही नेटसर्व्हरपुरते बंद झालेले दिसते. पासवर्ड बदलल्यावर विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधला जुना पासवर्ड आपोआप पुन्हा पुन्हा पाठवला जातो आणि क्यूमॅक्ससाइनची (चुकीच्या लॉगिन प्रयत्नांची) मर्यादा ओलांडली जाते. आधी पीसीवरची जुनी नोंद काढा, मगच नॅव्हिगेटरमध्ये (एएस-४०० सांभाळण्याच्या टूलमध्ये) नेटसर्व्हरच्या बंद युजरच्या यादीतून त्या क्लार्कला चालू करा. क्रम उलटा केलात तर थोड्या वेळात पुन्हा बंद.

तिथे आहातच, तर शेअरची यादीही चाळा. रूट (सगळ्यात वरची डिरेक्टरी) शेअर केलेला दिसला तर तो शेअर काढून टाका, त्यात एएस-४००च्या लायब्रऱ्या असलेले क्यूसिस.लिबसुद्धा येते, आणि एखाद्या पीसीत शिरलेले रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) त्या युजरचे अधिकार पोचतील तिथवर फाइली खराब करते.