सहा बेटांची गावे, एक दिवस

प्रश्न : सुट्टीत आम्ही हवाईतील ओआहू बेटावर जाणार आहोत. लाये येथील पॉलिनेशियन कल्चरल सेंटर लहान मुलांसह एका दिवसात पाहून होईल का?

उत्तर : होईल, मात्र रविवारी ते बंद असते. पॉलिनेशिया म्हणजे प्रशांत महासागरातील बेटांचा एक मोठा समूह; तिथले लोकजीवन दाखवणाऱ्या, १९६३ साली सुरू झालेल्या या केंद्रात हवाई, सामोआ, टोंगा, ताहिती, फिजी आणि न्यूझीलंडचे माओरी यांची गावे उभारलेली असून, शेजारच्या विद्यापीठातील विद्यार्थी, ज्यांतील अनेक जण याच बेटांवरून आलेले असतात, तिथे काम करून शिक्षणाचा खर्च भागवतात. म्हणूनच सगळी गावे उरकण्यापेक्षा सामोआच्या गावात नारळ सोलणे आणि लाकूड घासून अग्नी पेटवणे मुलांना निवांत पाहू द्यावे, त्या तरुणांशी मनमोकळे बोलू द्यावे, असे मला मनापासून वाटते.