मुद्रा कसली घेतेस इतक्यात!

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप रात्री पावणेबाराला आला. त्या वेळी मी मोबाइल बघत नाही, हे तीन वर्षांत तुला कळायला हवं होतं. सकाळी तानपुरा लावायच्या आधी ऐकला. देशकार रागातली बंदिश, आणि खाली दोन प्रश्न: शिकवण्या सोडून नुसती रचनेलाच बसू का, आणि मुद्रा, म्हणजे बंदिशीत गुंफायचं रचनाकाराचं नाव, कोणती घेऊ.

मुद्रेचं वाचून हसू आलं. हाताशी बंदिशी तीन, आणि मुद्रा! मग ते हसू ओसरलं. बत्तिसाव्या वर्षी मीही हेच विचारत फिरत होते आणि मला कुणी अडवलं नाही.

तुझ्या बंदिशीचं मी काय केलं ते सांगते. राग न सांगता शुक्रवारी एका नववीतल्या मुलीला दिली. दोनदा ऐकून तिनं उचलली, आणि आपणहून आलाप घ्यायला लागली. भूप रागाचा! चूक तिची नाही. सा रे ग प ध, सूर तेच. पण तुझी सम, तालाची ती पहिली मात्रा, गंधारावर, थांबणं गंधारावर, आणि धैवताला तू दारातूनच परत पाठवलंस. देशकाराचा वादी, म्हणजे मुख्य सूर, धैवत, हे विशारदच्या तोंडी परीक्षेत तू घडाघडा सांगितलं असशील. पण तुझ्या डोक्यात देशकार होता, म्हणून तुला देशकार ऐकू आला. तिच्या डोक्यात काहीच नव्हतं, तर तिला जे होतं ते ऐकू आलं.

दुसऱ्याच्या गळ्यातून निघाल्याशिवाय बंदिश झाली म्हणू नये. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी.

माझंच ऐक. 1989 साली मी बारा बंदिशींची पुस्तिका छापून घेतली, प्रत्येकीत माझी मुद्रा. त्यात बिहागातली एक होती, मध्यलय तीनतालात. ‘गोदा के तट पर दीप जले री’. मुखडा, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, तालाच्या खालीपासून उठतो, नवव्या मात्रेवरून, आणि ‘दीप’चा ‘दी’ समेवर गंधाराला येतो. अजूनही ती सम मला आवडते, खोटं कशाला बोलू. अंतऱ्यात, बंदिशीच्या दुसऱ्या भागात, एक ओळ होती, ‘पल पल छिन छिन कहत सुनत सब’. मोज बोटांवर. सोळा अक्षरं, सोळा मात्रा, आणि लगेच मुखडा. श्वास घ्यायला एक मात्रा नाही. माझा दम तेव्हा चांगला होता, मला कधी कळलंच नाही.

वर्गात एक बारा वर्षांची मुलगी होती. ती दर वेळी दुसरा ‘छिन’ खायची. महिनाभर मी तिला बोलले. लक्ष नाही, रियाज नाही, जे तोंडाला येईल ते. मग एकदा पावसाळ्यात गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला, पाणी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीशी. पलीकडची मुलं येऊ शकली नाहीत. ती आमच्याच वाड्यातली, म्हणून एकटीच आली. पहिल्यांदा मी हार्मोनियम मिटून, नुसत्या तानपुऱ्यावर, तिचा एकटीचा आवाज ऐकला. ‘पल पल छिन’, मग दोन मात्रा रिकाम्या, त्यात छोटासा श्वास, आणि ‘कहत’ नेमका जागेवर. मुखडा कसा अलगद आला म्हणून सांगू! बंदिश माझी, आणि ती पुरी केली त्या पोरीच्या फुप्फुसांनी. पुस्तिका मात्र छापून झाली होती. उरलेल्या दोनशे प्रती अजून माळ्यावर आहेत. ओळ तशीच, खाली माझं नाव ठसठशीत.

आता सांग, शिकवण्या सोडून बसले असते तर हे मला कोण सांगणार होतं? रसिक? रसिक ‘क्या बात है’ म्हणतात. त्यांना तुझ्या अंतऱ्यात श्वास घ्यावा लागत नाही.

तू लिहिलंस, ‘प्रवेशिकेच्या पोरांना तेच तेच सांगण्यात माझी रचनेची वर्षं चाललीत.’ हे वाक्य मला लागलं. सदारंगांची गोष्ट ऐकली असशीलच. महंमदशाहाच्या दरबारातले बीनकार, म्हणजे रुद्रवीणा वाजवणारे, ख्याल रचले उदंड, पण ते शिष्यांना शिकवले आणि स्वतः ध्रुपद-बीनेतच राहिले, असं सांगतात. सगळे ख्याल दुसऱ्यांच्या गळ्यांतून गेले, म्हणून आज पावणेतीनशे वर्षांनी तू नि मी ते गातो. आणि आपल्या नाशकातच बघ. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे मुंबईची इमारत कर्जापायी गेली, तेव्हा ते इथे आश्रम करून रामनामात राहिले. इमारत गेली, पण त्यांचे शिष्य विनायकबुवा, नारायणराव, ओंकारनाथ कुठे गेले?

लोक म्हणतात, बाई नाशकात राहिल्या म्हणून मागे राहिल्या. म्हणोत. मीही दोन वर्षं सकाळी पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबई आणि रात्री परत, असं केलंय. एका मोठ्या माणसानं, नाव नाही सांगत, कायमचं ये म्हटलं होतं. सासूबाईंचं आजारपण होतं, पण सगळं त्या माउलीवर ढकलणं बरं नाही. तेव्हा आठवड्याला चाळीस मुलं यायची, आणि मला ती सोडवेनात. भित्रेपणा होता का? थोडा असेल. मोठ्या शहरात माझ्या बंदिशी कुणी गायल्या नसत्या, ही भीती होती. इथे निदान चाळीस गळे होते. हे तुला पटवतेय की स्वतःला, देव जाणे. पण ते चाळीस गळे होते, हे कुणी नाकारू शकत नाही.

तेव्हा मुद्रेचं नाव काढू नकोस. ध्वनिमुद्रणाची घाई तर अजिबात नको. तो स्टुडिओवाला तुझ्यासाठी थांबेल, नाही थांबला तर दुसरे आहेत. देशकार घे, समेला धैवत आण, आणि तुझ्या त्याच कंटाळवाण्या पोरांतल्या तिघांना शिकव. एक बेसूर असलेला मुद्दाम निवड. तो कुठे घसरतो ते वहीत लिही. त्याला ओरडू नकोस. मी ओरडले.

ती ‘छिन’ खाणारी मुलगी आता बँकेत आहे. गाणं कधीच सुटलं तिचं. दिवाळीत मेन रोडला भेटली की भर गर्दीत वाकून नमस्कार करते, आणि ‘बाई, मी फार चुकायचे ना?’ म्हणून हसते. मीही हसते. छत्तीस वर्षं झाली, अजून तिला खरं सांगितलेलं नाही.

रविवारी साडेआठला ये. येताना षड्जाची एक तार आण, माझ्याकडची काल तुटली. त्या तिघांपैकी एकाला बरोबर आण. तू गाऊ नकोस, त्याला गाऊ दे.

तुझी,
बाई